न पाहिलेला नाणेघाट

माणसाने आपली भूमी आपल्या पायांनी वाचावी. घराभोवतीचे दहा कोस ज्याने पाहिले नाहीत, त्याने जग पाहिले असे म्हणू नये.

हे वाक्य माझं आहे. ऐकायला भारदस्त वाटतं, आणि चौकटीत घालून भिंतीवर टांगलं तर आणखीच भारदस्त वाटतं. तसं ते एका भिंतीवर काही वर्षं टांगलेलं होतंही. लिहिलं तेव्हा मी नारायणगावातल्या माझ्या घरी, पंख्याखाली, खुर्चीत बसलो होतो. दहा कोस सोडाच, घरामागच्या ओढ्यापलीकडं काय आहे तेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आज सकाळी फिरून आलो आणि पायरीवर बसून पायमोज्यांतली कुसळं उपटत होतो. थंडी सुरू झाली की आमच्याकडच्या डोंगरांवरचं गवत वाळून सोनेरी होतं. लांबून पाहणाऱ्याला त्याचा रंग मिळतो, जवळ जाणाऱ्याला कुसळं. मोज्यांना त्या गवताचा, तापलेल्या मुरमाचा आणि कुठंतरी पायाखाली चुरडलेल्या रानतुळशीचा वास येत होता. हा वास माझ्या आयुष्यात फार उशिरा आला. माझे वास म्हणजे खडूचा, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचा, आणि हंगामात बाजाराकडून वाऱ्यावर येणारा, क्रेटच्या तळाशी फुटलेल्या टोमॅटोंचा. कुसळाची एक खोड आहे. ते पुढं पुढं शिरतं. उलटं ओढलं तर मोडतं आणि अर्धं आतच राहतं. टोचतंही लगेच नाही, घरी येऊन निवांत बसलं की टोचतं. काही बोललेली वाक्यं याच जातीची असतात. उपटता उपटता मला ते वाक्य आठवलं आणि ज्याला ते टोचलं तो माणूसही.

तो भूगोल शिकवायचा, मी मराठी. शाळा निमगाव साव्याला, त्याचं घर खोडदला, माझं नारायणगावला. सव्वीस वर्षं रोज सकाळी मी मोटरसायकल काढायची, खोडदच्या स्टँडवर त्याला मागं घ्यायचं आणि पुढं शाळेकडं वळायचं. पुढं बसून मी रस्त्यातले खड्डे ओळखायचो, मागं बसून तो क्षितिजावरचे डोंगर ओळखायचा. कोणत्या डोंगरामागून कोणती नदी निघते, पाऊस आडवा कुठं येतो, घाटावरून खाली कोकणात उतरणाऱ्या वाटा कुठल्या, हे तो माझ्या मानेशी सांगत राहायचा आणि वारा त्यातलं निम्मं पळवून न्यायचा. उरलेलं निम्मं मी ऐकल्यासारखं करायचो. मला डोंगरांत रस नव्हता. डोंगरांवर लिहिलेल्या ओळींत होता. त्या घरबसल्या मिळत.

दर वर्षी थंडी पडली की तो विचारायचा, ‘‘राव, या रविवारी नाणेघाट?’’

नाणेघाट म्हणजे काही हिमालय नव्हे. जुन्नरला गाडी बदलली की अर्ध्या दिवसाचं काम. पण रविवारी माझ्याकडं काहीतरी असायचंच. पेपर तपासायचे असत, कुणाचं लग्न असे, कधी नुसती दुपारची झोप असे. एकदा मी वैतागून म्हणालो, ‘‘एवढी हौस आहे तर तू जाऊन ये की.’’ तो म्हणाला, ‘‘एकल्यानं काय बघायचं? एकल्याला डोंगर म्हंजे नुसता दगड. संगं कुणी असलं की त्याचं ठिकाण व्हतं.’’ वाक्य मला आवडलं. पुढच्याच महिन्यात मी ते शुद्ध करून एका निवृत्त केंद्रप्रमुखांच्या मानपत्रात घातलं. नाणेघाटला मात्र गेलो नाही.

मानपत्रांचं सांगायला हवं. मराठीचा शिक्षक म्हटला की पंचक्रोशीतली मानपत्रं त्याच्याकडं येतात, जशी गावातल्या एकुलत्या शिडीकडं सगळ्यांची कौलं येतात. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म, शाळेच्या दाखल्यानुसार, एक जूनला झालेला आहे. आईवडिलांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी तीच टाकत. त्यामुळं ही सगळी मंडळी एकाच दिवशी निवृत्त होतात, आणि मे महिन्याच्या अखेरीला मंगल कार्यालयं, फेटे बांधणारे आणि मी, तिघांनाही उसंत नसे. ऋषितुल्य, ज्ञानयज्ञ, निष्कलंक सेवा, अखंड तेवणारा दीप: शब्द ठरलेले, माणूस तेवढा बदलायचा. या साऱ्या थाटावर मी मनातल्या मनात हसायचो आणि घरी येऊन पुढचं मानपत्र लिहायला घ्यायचो. हसणं आणि लिहिणं यांत मला विसंगती दिसत नव्हती. लिहून झालं की कार्यक्रमात चार मिश्कील शब्द बोलायचे, सभागृह हसवायचं, हाही माझाच प्रांत ठरून गेला होता. लोक म्हणत, सरांच्या बोलण्याला धार आहे. धार कुणाच्या बोटाला लागते हे बघायची मला कधी गरज पडली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी त्याचा सत्कार झाला. रस्त्याला फ्लेक्स, त्यावर मोबाइल कानाला लावलेला त्याचा फोटो. वास्तविक त्याच्याकडं मोबाइल नव्हता, फोटोवाल्यानं स्वतःचा दिला होता. उघड्या जीपमधून मिरवणूक, फेटा, शाल, श्रीफळ, आणि मेमधलं ऊन. मानपत्र अर्थात माझंच. भूगोलाचा शिक्षक म्हणून मुद्दाम त्याच्यासाठी नवं वाक्य घडवलं होतं, सुरुवातीला दिलंय तेच. ते वाचून झालं, टाळ्या पडल्या. तिथं थांबायला हवं होतं. पण सभागृह माझ्याकडं हसायच्या तयारीनं बघत होतं. मी म्हणालो, ‘‘सरांनी तेहतीस वर्षं पोरांकडून सह्याद्रीचे घाट पाठ करून घेतले. नाणेघाट इथून अर्ध्या दिवसावर आहे. सरांनी तो पाहिलाय का, हे तेवढं कुणी विचारू नका.’’

सभागृह हसून कोसळलं. आमदारांच्या प्रतिनिधींनी मांडीवर थाप मारली. पहिल्या रांगेतल्या त्याच्या माजी विद्यार्थ्यांना हसू आवरेना. तोही हसला. फेट्याखाली माणूस नेमका कसा हसतो ते नीट दिसत नाही. मी जागेवर येऊन बसलो तेव्हा तो समोरच्या फुलदाणीकडं बघत होता.

आम्ही भांडलो नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. मध्ये पडणारी माणसं आमच्याकडं पुष्कळ. झालं ते एवढंच की त्यानंतर त्याचा फोन आला नाही, आणि मीही केला नाही. सुरुवातीला वाटलं, निवृत्तीनंतर माणूस घरकामात गुंततो. मग वाटलं, येईल. मग काही वाटेनासं झालं. लग्नांत दिसायचा, दुसऱ्या पंगतीत. ‘‘बरं ना सर?’’ म्हणायचा आणि पुढं जायचा. दोन वर्षांनी मी निवृत्त झालो, तेव्हा सत्कार घेतला नाही. लोकांनी त्याचं तत्त्वनिष्ठा म्हणून कौतुक केलं. खरी गोष्ट अशी की माझ्याविषयी लिहू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता.

आता घरात मी एकटाच असतो. सौभाग्यवती दोन वर्षांपासून पुण्यात मुलाकडं आहे. नातवाला शाळेच्या बसपाशी नेऊन सोडायला घरचं माणूस लागतं. मी इथं राहिलो, कारण घरालाही घरचं माणूस लागतं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. घराला विचारलं नाही. संध्याकाळी तिचा फोन येतो. जेवलात का, गॅस बंद केला का, दाराची कडी लावली का. तिन्हींची उत्तरं हो अशी देऊन झाली की बोलण्यासारखं फारसं उरत नाही. फोन ठेवला की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. इतकी वर्षं ते वाजत होतं हे मला माहीत नव्हतं. एका सकाळी ते फारच वाजायला लागलं, तेव्हा मी उठलो, जुन्नरची एसटी पकडली, तिथून घाटघरची, आणि नाणेघाटला गेलो.

कुणी सांगेल की तिथं उभं राहिल्यावर काळाचं भान येतं. मला आधी फलकाचं आलं. त्यावर उद्घाटकांची, प्रमुख पाहुण्यांची आणि विशेष उपस्थितांची नावं ठळक होती. घाटाचं नाव शोधावं लागलं. पुढं गेलो. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी जिथून उतरत, त्या अरुंद दरीतून वारा असा वर येत होता, जणू खालचं अख्खं कोकण एका नळीतून फुंकर घालतंय. ज्यात जकात गोळा करत असं म्हणतात तो दगडी रांजण बाजूला बसला होता, रिकामा, कशाचीच वाट न बघणारा. गुहेतल्या भिंतीवर कोरलेली अक्षरं कुठल्याशा राणीनं करवून घेतलेली. कोणकोणते यज्ञ केले, किती गायी, किती हत्ती, किती नाणी दान दिली, त्याची यादी. मी बराच वेळ त्या भिंतीपुढं उभा राहिलो. इतक्या जुन्या काळी, इतक्या आडबाजूला, इतकं लांबलचक मानपत्र! मला हसू आलं, आणि मी ते सांगायला डावीकडं वळलो. डावीकडं कुणी नव्हतं. तिथं एक माकड होतं, आणि ते माझ्या पिशवीकडं बघत होतं.

माझी ओळख असलेला एकटेपणा घरातला होता. तो घड्याळाच्या आवाजाइतका असतो, त्याला भिंती असतात. हा निराळा होता. समोर एवढं मोठं काहीतरी पसरलेलं, आणि ‘बघ’ म्हणायला कुणी नाही. त्यानं सांगितलेला तो नुसता दगड मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

पण पायांना चटक लागली. मग मी एकेक ठिकाण धरलं. कुकडी नदी जिथून निघते तिथलं कोरीव देऊळ, मानमोडीची लेणी, डिंभे धरणाच्या पाण्याकाठची वाट, आणि रोजच्यासाठी घरामागच्या ओढ्यापलीकडचे बांध. पलीकडं काय आहे, तर ऊस आहे. आणि उसात बिबट्या. विनोदाचा विषय नाही हा. इथल्या घरांनी माणसं गमावली आहेत. म्हणून एकट्यानं चालणाऱ्यानं हातात काठी घ्यावी आणि सतत मोठ्यानं बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चालावं, असं सांगतात. बिबट्याला चाहूल लागली की तो बाजूला होतो. शहरातली माणसं निसर्गाची शांतता अनुभवायला आमच्याकडं येतात. आम्हाला ती परवडत नाही.

गाणी लावून चालणं मला जमेना. बोलत चालायचं तर काय बोलायचं, आणि कुणाशी? पहिल्या दिवशी पाढे म्हटले. तेराच्या पाढ्यात अडकलो. मग ध्यानात आलं की मला मोठ्यानं, सलग, न अडखळता म्हणता येईल असं एकच वाङ्मय पाठ आहे. त्या दिवसापासून मी उसाला मानपत्रं वाचून दाखवू लागलो. ‘आपल्या प्रदीर्घ आणि निष्कलंक सेवेची पंचक्रोशीला सदैव आठवण राहील’, असं मी काठी आपटत म्हणालो, आणि उसाच्या पलीकडून बाईचा आवाज आला.

‘‘कुणाचा सत्कार हाय ओ सर?’’

कांद्याची रोपं लावणाऱ्या चार बायका वाफ्यात ओणव्या होत्या. त्यातली एक कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

‘‘बिबट्याचा,’’ मी म्हणालो.

‘‘मंग नारळ, शाल आणली का?’’

‘‘नारळ आणतो उद्या.’’

‘‘शाल नका आणू. त्याची त्याला हाय, ठिपक्याठिपक्याची. परवा आमी बघितली ना.’’ बाकीच्या तिघी हसून हसून वाफ्यात बसल्या. ‘‘पण म्हणत राहा सर. लई ग्वाड म्हणता. आमालाबी तेवढीच सोबत.’’

पुढं रोजच त्या विचारायच्या, आज कुणाचा? मी आलटून पालटून सगळी म्हटली. मुख्याध्यापकांचं, पोस्टमास्तरांचं, दूध डेअरीच्या चेअरमनांचं. एकच कधी म्हटलं नाही. दोन-तीनदा सुरुवात केली होती, ‘माणसाने आपली भूमी आपल्या पायांनी’, आणि तिथंच सोडून दिलं. मग काठी जोरानं आपटून वेळ मारून न्यायची.

असाच एका गुरुवारी नारायणगडावर गेलो. घराच्या गच्चीवरून तो रोज दिसतो. वर जायला मला पासष्टी गाठावी लागली. गडाच्या वाडीपासून चढ. मध्ये कातळात खोदलेल्या पायऱ्या, वर पाण्याची टाकी आणि देवीचं देऊळ. दम खात एका पायरीवर बसलो होतो, तिथं म्हातारा मेंढपाळ भेटला. खांद्यावर घोंगडी, खिशात मोबाइल, आणि त्यावर हिंदी मालिकेतल्या सासूचा आवाज. मेंढ्या निवांत चरत होत्या. बहुधा त्यांना कथानक माहीत होतं.

त्यानं मला खालीवर न्याहाळलं. ‘‘तुमी मास्तर काय ओ, पावणं?’’

‘‘होतो. कशावरून ओळखलंत?’’

‘‘पायऱ्या मोजत व्हता. मास्तर लोक मोजत्यात. दुसरं एक मास्तर येत व्हतं हितं, खोडदचं. दर गुरुवारी, नेमानं. ह्या पायरीवर बसायचं, डबा खायचं, मला निम्मी भाकर द्यायचं. डोंगरांची नावं सांगायचं.’’

‘‘बरोबर कोण असायचं?’’

‘‘कोण नाय. एकलंच. मी म्हणलं, मास्तर, एकलं काय फिरता? तर म्हणलं, संगती येणारा हाय एक, पण त्याला येळ नाय.’’ त्यानं सासूचा आवाज बारीक केला. ‘‘आता दोन वरसं झाली, नाय आलं. गुडघं गेलं म्हणत्यात.’’

वर जाऊन मी देवीला हात जोडले आणि पूर्वेकडं बघत बसलो. खाली खोडदच्या शिवारात तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना दिसत होत्या, जाळीच्या प्रचंड परड्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. मी ज्या ज्या जागी एकटा गेलो होतो, तिथं तो माझ्या आधी एकटा जाऊन आला असणार, हे मला तिथं कळलं. सात वर्षं दर गुरुवारी तो या पायरीवर येऊन बसत होता. तेव्हा मी चार कोसांवर गच्चीत कपडे वाळत घालत हाच डोंगर बघत होतो. आणि आता मी वर होतो, आणि त्याचे गुडघे गेले होते. आणखी थोडा उशीर केला तर आणखी काय जाईल याचा अंदाज माझ्या वयाच्या माणसाला सहज येतो.

गडावरून मी घरी जायचा रस्ता सोडला आणि खोडदकडं उतरलो. अँटेनांच्या आसपास मोबाइल बंद ठेवायचा असतो; आकाशातून येणारे फार क्षीण आवाज तिथले शास्त्रज्ञ ऐकत असतात, त्यात आपल्या फोनची लुडबुड नको. उसातून जाताना बिबट्यासाठी बोलत राहायचं, आणि खोडदच्या शिवारात ताऱ्यांसाठी गप्प बसायचं. मी फोन बंद केला. न कळवता दारात जाण्याला त्यामुळं शास्त्रीय कारण मिळालं.

त्याच्या ओट्यावर वहिनी लसूण निवडत होत्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

‘‘अगं बाई. भाऊजी! वाट चुकला का काय?’’

‘‘चुकलोच होतो वहिनी.’’

‘‘नऊ वरसं? एवढी लांबची वाट खोडदला नाय.’’ आणि आत तोंड करून म्हणाल्या, ‘‘अहो, भायेर या. मानपत्रवाले आलेत.’’

तो काठी टेकत आला. केस पार गेलेले, बाकी तसाच. ‘‘या सर. बसा,’’ म्हणाला आणि खुर्ची माझ्याकडं सरकवून स्वतः बाजेवर बसला, पाय लांब करून.

‘‘गुडघा काय म्हणतो?’’ मी विचारलं.

‘‘गुडघा म्हणतो, बस.’’

मी थंडीबद्दल बोललो. त्यानं कांद्याच्या रोपांबद्दल सांगितलं. शेवटी मी म्हणालो, ‘‘नाणेघाटला जाऊन आलो. महिना झाला.’’

‘‘संगं कोण?’’

‘‘एकटाच.’’

तो लसणाच्या पाकळ्यांकडं बघत होता. ‘‘मी सत्काराच्या दुसऱ्या दिवशी गेलो,’’ म्हणाला. ‘‘पहिल्या एस्टीनं. कपाळावर फेट्याची रेघ तशीच व्हती.’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय. दगड हाय.’’

मी म्हणालो, ‘‘त्या दिवशी मी जे बोललो...’’

‘‘ते खरंच व्हतं. नव्हता बघितला मी.’’

‘‘माझ्यामुळं नव्हता बघितलास.’’

‘‘हां,’’ तो म्हणाला. ‘‘तेवढं तू हॉलात न्हाई सांगितलं.’’

नऊ वर्षांत त्यानं एकच तक्रार जपली होती, आणि तिच्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. मी सबंध आयुष्य विशेषणांवर काढलं. एवढं नेमकं वाक्य मला कधी लिहिता आलं नाही. वहिनी चहा घेऊन आल्या. मानपत्र कुठं दिसतंय का म्हणून भिंतीकडं गेलेलं माझं लक्ष त्यांनी पाहिलं असावं. म्हणाल्या, ‘‘भिंत वल्ली झाली म्हणून काढून माळ्यावर ठिवलं. उंदरांनी निम्मं वाचलं.’’

‘‘कुठलं निम्मं?’’ मी सवयीनं विचारलं.

‘‘गोडगोड व्हतं ते.’’

तो हसला. या वेळी डोक्यावर फेटा नव्हता, त्यामुळं नीट दिसलं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, ‘‘चुकलं माझं.’’ त्याच्यापुढं जोडायला काही सुचलं नाही, आणि सुचलं नाही हे बरंच झालं. तो म्हणाला, ‘‘च्या गार व्हतोय.’’

निघालो तेव्हा ऊन कलून गेलं होतं. ‘‘स्टँडपतुर येतो,’’ म्हणून तो उठला. मी नको म्हणालो. वहिनींनी त्याच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी घातली. दोनशे पावलांचं अंतर आम्ही वीस मिनिटांत चाललो. मध्ये तो दोनदा थांबला आणि काठीनं एक डोंगर दाखवला.

स्टँडवर नारायणगावची जीप उभी होती. आमच्याकडची जीप वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते. हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी आत शिरलो, कोपऱ्यात अंग चोरून बसलो. तो खाली काठीवर भार देऊन उभा राहिला. ड्रायव्हर गाडीभोवती फिरत ओरडत होता, ‘‘एक शीट! एक शीट, की हालली!’’

‘‘हाल की आता, राव,’’ आतून कुणीतरी करवादलं. ‘‘अंधार पडला. मला पुढं उसातनं जायचंय.’’

‘‘त्या शिटाचं पैसं तुमी देता का भाऊ? लगीच हालतो.’’

दहा मिनिटं गेली. रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणूस दिसेना. शिवारात त्या सगळ्या अँटेना हळूहळू, एकाच वेळी, दुसऱ्या दिशेला मान वळवू लागल्या. तो ते बघत होता. मग त्यानं आधी काठी आत दिली, माझ्या हातात, आणि दांडीला धरून एकेक पाय वर घेतला.

‘‘सरक की जरा,’’ म्हणाला.

ड्रायव्हरनं दार लावलं आणि जीप हालली. गुडघे एवढे जवळ होते की कुठला कुणाचा ते वळणावर तेवढं कळायचं. वळणावर तो दात आवळायचा. मी विचार करत होतो की डोंगर बिचारे आहेत तिथं बसून असतात, कुणी आज आलं काय, पंचवीस वर्षांनी आलं काय, त्यांचं काही बिघडत नाही, आणि म्हणूनच आपण त्यांना पुढं पुढं ढकलत राहतो. त्याच सवयीनं आपण माणसांनाही ढकलतो. माणसांचे मात्र गुडघे असतात. गेलेले रविवार कुणी परत आणून देत नाही. जे उरतं ते एवढंच असतं, जीपमधल्या एका बाकड्याएवढं, तेही दुसऱ्यानं अंग चोरून घेतलं तर. उसाच्या फडांमधून दिवे लावून आम्ही चाललो होतो, आणि काळ म्हणजे काय हे आपल्याला थोडं थोडं उमगतंय असं मला वाटू लागलं होतं.

नारायणगावात उतरलो तेव्हा सात वाजून गेले होते. खोडदला परत जाणारी शेवटची जीप साडेसहापर्यंत निघून गेलेली असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.